उंबरठ्यावरचे मन : तरुण वयातील चित्तभ्रम आणि त्याची पूर्वचाहूल

आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर इतिहासकार, कायदेपंडित आणि संगीतज्ञ येऊन गेले. यंदा चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि मी तरुणांच्या मनोविकारांचा विषय सुचवला, तेव्हा मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने असा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटले. ते स्वाभाविक आहे. मी वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. परंतु पस्तीस वर्षे मी सतरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींसमोर उभा राहिलो आणि ज्या आजाराविषयी आज लिहितो आहे त्याची पावले नेमकी याच वयात वाजू लागतात. दुसरे कारण शब्दांचे आहे. या आजाराच्या बाबतीत शब्द चुकला की माणूस चुकीच्या दारात जातो, हे मी पाहिले आहे. व्याख्यानात वेळेअभावी राहिलेले काही मुद्दे येथे घातले आहेत.

शब्दांपासूनच सुरुवात करतो. जुन्या मराठी गद्यावर प्रबंध लिहीत असताना ‘पिसे’ हा शब्द मला वारंवार भेटे. आजच्या प्रमाण मराठीत तो जवळजवळ मावळला आहे. पण गोव्यात तो मावळलेला नाही, कारण कोकणीत ‘पिसो’ म्हणजे वेडा हा शब्द रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. संतांनी देवाचे वेड लागावे म्हणून आळवणी केली, नाटककारांनी प्रेमवेडे नायक रंगवले, क्रिकेटवेडे तर घरोघरी आहेत. एकच शब्द भक्तीला, प्रीतीला, छंदाला आणि एका गंभीर आजाराला वापरला की त्या आजाराचे वेगळेपण पुसले जाते. मग त्याच्याकडे एक तर हसण्यावारी पाहिले जाते किंवा दैवी-आसुरी काहीतरी म्हणून.

वैद्यकात ज्याला सायकोसिस म्हणतात त्यासाठी मी येथे ‘चित्तभ्रम’ हा शब्द वापरतो. वास्तव आणि आपल्या मनात उमटलेले यांतील सीमारेषा पुसट होणे हे त्याचे मुख्य लक्षण. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे हा भास. शेजारी, पोलीस किंवा वर्गमित्र आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी कोणत्याही पुराव्याने न हलणारी खात्री हा संभ्रम. आणि बोलण्याची संगती सुटणे हे तिसरे. चित्तभ्रम ही अवस्था आहे. ती तीव्र नैराश्यात, उन्मादात, नशेत किंवा मेंदूच्या काही आजारांतही येते. ती दीर्घकाळ राहून माणसाचे जगणे व्यापते तेव्हा स्किझोफ्रेनियाचा विचार होतो. आपले अग्रलेखकार राजकीय पक्षाच्या दुटप्पीपणाला ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणतात, तो निव्वळ अडाणीपणा आहे. एका देहात दोन माणसे नांदणे हा वेगळाच प्रकार असून त्याचा या आजाराशी संबंध नाही.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस या आजाराला जे लॅटिन नाव रूढ केले, ‘डिमेन्शिया प्रेकॉक्स’, त्याचा अर्थ होतो ‘अकाली बुद्धिनाश’. आजार तरुणपणी येतो हे त्यांना दिसले होते. मात्र आता उतरणच, असा निकालही त्या नावात दडला होता. स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचवला, तो असा निकाल टाळण्यासाठीच. प्रत्येकाची बुद्धी नष्ट होत नाही, काही रुग्ण सुधारतात, हे त्यांनी पाहिले होते. परंतु नाव बदलले तरी जवळजवळ शतकभर वैद्यकाची रीत एकच राहिली : आजार पुरता उघड होईपर्यंत थांबायचे आणि मग उपचार करायचे.

ही रीत मोडण्याचा पहिला ठोस प्रयत्न ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात झाला. पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तेथे तरुणांसाठी वेगळे दवाखाने उभारले आणि एक साधा वाटणारा प्रश्न विचारला : पहिला झटका येण्यापूर्वी काही महिने किंवा वर्षे त्या मुलाच्या मनात काय चालले होते? आई-वडील मागे वळून सांगत, ‘वर्षभरापासून तो आमचा राहिला नव्हता.’ झोप उलटी झालेली, मित्र तुटलेले, अभ्यास घसरलेला, आंघोळ टाळणे, मनात एक अनाम धास्ती. पण हे सारे मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. पुढे पाहताना काय दिसते, हा खरा प्रश्न होता.

त्यांनी तीन खुणा ठरवल्या. पहिली, सौम्य स्वरूपाची लक्षणे : कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखे वाटते, पण तो भास असावा याची जाणीव शाबूत असते, लोक आपल्याकडे पाहतात असे वाटते, पण खात्री नसते. दुसरी, खरा चित्तभ्रम, परंतु आठवड्याच्या आत औषधावाचून आपोआप निवळलेला. तिसरी, जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार असणे किंवा तशी जन्मजात घडण असणे, आणि त्याबरोबरच त्या मुलाच्या अभ्यासात, कामात, वागण्यात अलीकडे ठळक घसरण होणे. यांपैकी एक खूण असलेल्या आणि स्वतःहून मदत मागायला आलेल्या तरुणांना ‘अतिजोखमीचे’ म्हटले गेले.

आपल्याकडे ‘अंगावर जोखीम घेऊन प्रवास करू नये’ असे म्हणतात. तेथे जोखीम म्हणजे धोका नव्हे, सोनेनाणे. धोका आणि मौल्यवान ठेव या दोहोंना एकच शब्द वापरणारी आपली भाषा या मुलांच्या बाबतीत इंग्रजीपेक्षा अधिक जाणती आहे, असे मला वाटते.

या मुलांचे पुढे काय झाले? मेलबर्नच्या आरंभीच्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ४० टक्के मुलांना चित्तभ्रम झाला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे अनेक देशांत असे दवाखाने निघाले, आकडे जमा झाले आणि प्रमाण खाली आले. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या परीक्षणात ते एका वर्षात २२ टक्के आणि तीन वर्षांत ३६ टक्के निघाले. २०२१च्या अधिक व्यापक परीक्षणात तीन वर्षांत सुमारे २५ टक्के. म्हणजे चौघांतील एकाला आजार होतो, तिघांना तो त्या अवधीत होत नाही. मात्र हे तिघे ठणठणीत असतात असेही नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना नैराश्य आणि चिंतेचा त्रास चालू राहतो आणि त्यांनाही मदतीची गरज असते.

येथे एक हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण उत्साही संस्थाचालकांना लगेच वाटते की सर्व विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटावी आणि ‘जोखमीचे’ निवडून काढावेत. भास होणे ही मुलांत मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार ९ ते १२ वर्षांच्या मुलांत सुमारे १७ टक्के आणि १३ ते १८ वयोगटात सुमारे साडेसात टक्के मुले असा काहीतरी अनुभव सांगतात. हजार किशोरांच्या शाळेत हे ७५ विद्यार्थी झाले. उलट स्किझोफ्रेनिया आयुष्यभरात शंभरांत एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो. म्हणजे त्या ७५ जणांतील बहुतेकांच्या कपाळी आपण उगाच शिक्का मारणार. दवाखान्यातील २५ टक्क्यांचा आकडा खरा ठरतो तो तेथे येणारी मुले आधीच त्रासाच्या चाळणीतून आलेली असतात म्हणून. तीच प्रश्नावली वर्गात वाटली की तो आकडा कोसळतो.

याच कारणाने अमेरिकेत मोठा वाद झाला. तेथील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणाच्या २०१३च्या आवृत्तीत या पूर्वावस्थेला स्वतंत्र आजार म्हणून स्थान द्यावे असा प्रस्ताव होता. त्याच वर्गीकरणाच्या आधीच्या आवृत्तीचे काम ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाले, ते अ‍ॅलन फ्रान्सिस यांनी त्याला कडाडून विरोध केला. निरोगी मुलांना नावे ठेवली जातील आणि औषधे पाजली जातील, हे त्यांचे म्हणणे. अखेर ही अवस्था मुख्य ग्रंथात न घालता ‘अधिक अभ्यासाची गरज असलेल्या’ अवस्थांत टाकण्यात आली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

औषधांची भीती निराधार नव्हती. येल विद्यापीठाचे थॉमस मॅकग्लॅशन यांनी अशा ६० तरुणांवर ओलान्झपिन या औषधाची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. आजार टळल्याचे निर्विवाद सिद्ध झाले नाही. पण औषध घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी जवळजवळ ९ किलोंनी वाढले. पुढे व्हिएन्नात ८१ तरुणांना बारा आठवडे माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या आणि २०१० साली जाहीर झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते : गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरात सुमारे ५ टक्के आजारी पडले, न घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के. आम्हा गोवेकरांना हे ऐकून किती आनंद व्हावा! पण ३०० हून अधिक तरुणांवर अनेक देशांत केलेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ साली आले, तो लाभ दिसला नाही. बोलण्यावर आधारलेले मानसोपचार निरुपद्रवी आहेत आणि काही चाचण्यांत उपयोगी ठरले; पण एक उपचार दुसऱ्यापेक्षा निश्चित सरस, असे एकत्रित परीक्षणांतून दिसलेले नाही.

आणखी एक मर्यादा. लंडनच्या दक्षिण भागात असे विशेष दवाखाने आहेत. पण तेथे प्रथमच चित्तभ्रम झालेल्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांपैकी केवळ सुमारे ४ टक्के आधी त्या दवाखान्याच्या नजरेस आले होते. बाकीचे सगळे थेट झटका येऊनच दारात पोचले.

मग या साऱ्या खटाटोपातून हाती काय आले? माझ्या मते, सर्वात भक्कम गोष्ट भाकितापेक्षा विलंबाविषयीची आहे. पहिला उघड झटका आणि पहिला योग्य उपचार यांच्यामध्ये किती काळ गेला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

१९८०च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा होता. ओळख पटेल असे काही सांगत नाही. निबंध सुरेख लिहायचा. दुसऱ्या वर्षी त्याच्या वहीत तीच तीन-चार वाक्ये पानोपानी येऊ लागली. पुढे तो सांगू लागला की रेडिओवरच्या बातम्यांत त्याच्यासाठी संकेत असतात. घरची माणसे मायाळू होती. त्यांनी घाडी पाहिला, देवाला कौल लावला, गाऱ्हाणे घातले, एका नातलगाच्या सांगण्यावरून लग्नाचाही विचार केला. दोन पावसाळे गेले. इस्पितळात नेले तेव्हा औषधाने आवाज काही आठवड्यांत थांबले. पण त्या दोन वर्षांत मित्र पांगले होते, परीक्षा बुडाल्या होत्या आणि तो पुन्हा महाविद्यालयात आला नाही. मी त्याच्या आई-वडिलांना दोष देत नाही. त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नव्हता.

नॉर्वेत रोगालँड नावाचा जिल्हा आहे. तेथे १९९७ ते २००० या काळात हाच रस्ता दाखवण्याचा पद्धतशीर प्रयोग झाला. वृत्तपत्रांत, रेडिओवर, चित्रपटगृहांत जाहिराती दिल्या. शिक्षकांना आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना लक्षणे शिकवली. आणि शंका आली की कोणीही फोन करावा, लगेच माणूस येऊन पाहील, अशी पथके ठेवली. तुलनेसाठी ओस्लोचा एक भाग आणि डेन्मार्कमधील रोस्किल्डे हा परिसर घेतला, जेथे उपचार तेच होते पण मोहीम नव्हती. रोगालँडमध्ये उपचाराविना गेलेला काळ मध्यमानाने ५ आठवडे निघाला, इतरत्र १६. दहा वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा तपासले. लक्षणे आटोक्यात आणि कामधंदाही सुरू, अशा अर्थाने बरे झालेले रोगालँडच्या बाजूला सुमारे ३१ टक्के होते, दुसऱ्या बाजूला सुमारे १५. औषध तेच, डॉक्टर तसेच; अंतर अकरा आठवड्यांचे. आणि जाहिराती थांबवल्या तेव्हा काय झाले? विलंब पुन्हा वाढून १५ आठवड्यांवर गेला.

आपल्या देशात विलंब आठवड्यांत मोजण्याजोगा नसतो. निम्हान्स या बंगळूरूच्या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारांत गोवा नव्हते, महाराष्ट्रही नव्हता. १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. आणि निरनिराळ्या मनोविकारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. या आकड्यांत सौम्य त्रासही येतात. तरी शंभरांत सत्तर हा लहान आकडा नव्हे.

तरीही हताश होण्याचे कारण नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या अंगणातलाच आहे. १९९६ साली गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. पुढे गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. काही रुग्णांना नेहमीचे दवाखान्यातील उपचार मिळाले. इतरांच्या घरी, त्या उपचारांच्या जोडीला, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जात. ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. शालेय शिक्षण झालेली गावातली माणसे होती. औषध वेळेवर घेतो का, घरचे कसे वागतात, काम कुठे मिळेल, लोक काय म्हणतात, हे ते पाहत. वर्षभराने या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन दुसऱ्या गटापेक्षा कमी होते. फरक माफक होता, कांचीपुरमला तो अधिक दिसला. पण माफक फरकही ज्याच्या घरी पडतो त्याला माफक वाटत नाही.

गोव्याचे या शास्त्राशी जुने नाते आहे, ते ओघात सांगतो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि १८१९च्या आपल्या ग्रंथात सांगितले की ती निद्रा संमोहकाच्या अंगच्या कसल्याही गूढ द्रवामुळे येत नाही, ती ज्याला निद्रा येते त्याच्याच मनातून येते. पणजीतला त्याचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. मनाचा व्यापार मनातच शोधावा, बाहेरच्या शक्तीत नव्हे, हे एका गोवेकराने दोनशे वर्षांपूर्वी सांगितले. आणि ‘बाहेरचे झाले आहे’ हे वाक्य आपण अजून सोडलेले नाही.

आता कारणांविषयी. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तर धोका सुमारे दहा टक्क्यांच्या घरात जातो; पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असे नाही, सुमारे निम्म्या वेळा होत नाही. म्हणजे रक्त हे सगळे उत्तर नव्हे. किशोरवयात मेंदू आपली अनावश्यक जोडणी छाटत असतो, माळी झाड छाटतो तशी. ही छाटणी प्रमाणाबाहेर होते काय, हा आज संशोधनाचा जिवंत विषय आहे. बालपणीचा छळ, मारहाण, शाळेतील दादागिरी यांनी धोका सुमारे पावणेतीन पट वाढतो, असे २०१२च्या एका एकत्रित परीक्षणात दिसले. मुलाला सतत चिडवणे ही ‘मुलांची गंमत’ आहे असे म्हणणाऱ्या शिक्षकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आणि गांजा. आपल्या किनाऱ्यावर तो कसा आणि कोणाला मिळतो ते मी सांगायला नको. स्वीडनमध्ये ४५ हजारांहून अधिक लष्करभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघाले. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले. २०१९च्या युरोपीय अभ्यासात तीव्र गांजा रोज घेणाऱ्यांत चित्तभ्रमाची शक्यता सुमारे पाचपट दिसली. गांजा घेणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही हे खरे; पण कोण पडेल हे आधी ओळखता येत नाही, आणि वय जितके कोवळे तितका धोका अधिक.

नावाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला. जपानमध्ये या आजाराच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘मन फुटल्याचा रोग’ असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने नवे नाव स्वीकारले, ‘एकसंधता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे. परिणाम मोजला गेला. पूर्वी सुमारे ३७ टक्के रुग्णांनाच डॉक्टर निदान सांगत. तीन वर्षांच्या आत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. डॉक्टरांची जीभ अडखळत होती ती नावामुळे! दक्षिण कोरियाने त्यानंतर दहाएक वर्षांनी निवडलेले नाव तर फारच सुंदर आहे : वाद्याच्या तारा सुरात लावण्याची कल्पना त्यात आहे. तार उतरली असेल तर तंबोरा कोणी फेकून देत नाही. मराठीत आपण अजून ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो, म्हणजे जपानने टाकून दिलेलाच अर्थ. मराठी जगात कुजबुज मोडण्याचे काम शब्दकोशापेक्षा एका चित्रपटाने अधिक केले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा ‘देवराई’ पाहून कित्येक घरांत प्रथमच या विषयावर मोकळेपणी बोलणे झाले.

वर्गशिक्षकांनी निदान करू नये. ते त्यांचे काम नव्हे. त्यांचे काम बदल टिपण्याचे आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते सर हजेरीपटावर सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की संध्याकाळी सायकल काढून त्या मुलाच्या घरी जात. तो दंडक आजही पुरेसा आहे. चांगला लिहिणारा मुलगा अचानक असंबद्ध लिहू लागला, डबा एकट्याने खाऊ लागला, रात्रभर जागून दिवसा झोपू लागला, कोणीतरी पाळतीवर आहे असे म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नये. ‘असे काही नाहीच’ म्हटले की तो दार लावून घेतो. ‘तुला याचा त्रास होतोय का, झोप येते का’ असे विचारले की बोलतो. आई-वडिलांना बोलवावे ते एकट्याला, मुख्याध्यापकांच्या खोलीत, इतर पालकांसमोर नव्हे. त्यांना देवाला कौल लावायचा असेल तर लावू द्यावा, पण त्याच आठवड्यात बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडेही न्यावे. जो मुलगा मरणाची भाषा बोलत असेल त्याला त्या दिवशी एकटे सोडू नये. ज्यांना समोरासमोर जायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो शिक्षकांच्या खोलीत, विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर आणि या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर छापावा, अशी विनंती मी चालकांना केली आहे.